काय होत नाही, ते आधी

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "बाई, मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्या बाजूनं बोलू नका. मी एका वेळी दुसरा चहा घेत नाही. अन् कोणाचं काम आवडलं तरी मले तोंडावर चांगलं म्हणता येत नाही. हे आधी सांगून ठेवतो. मागून तक्रार नको."

मी मान खाली घालून उभी होते. मला कोणासमोर बोलायला जमत नाही, लहानपणापासून नाही. दुकानात सुद्धा मी बोट दाखवते. त्या दिवशी फक्त "हो जी" म्हणाले आणि झाडू उचलला. त्या माणसाने माझ्यापुढे आपली यादी वाचली होती, त्यात सगळ्यात मोठी गोष्ट त्याने सांगितलीच नव्हती. ती मला पुढे कळली. तिचा राग माझ्या पोटात आजही तसाच आहे. सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मी केव्हाच विसरले असते.

तेव्हा आमचं भिलाई मध्य प्रदेशात होतं. नेहरू नगरला हायवेच्या बाजूला एका ट्रस्टची रक्त तपासायची लॅब होती. तिथला सगळा रेकॉर्ड सर सांभाळायचे. मी तिथे झाडू-पोछा, काचा धुणं, चहा, आणि संध्याकाळी कुलूप लावणं एवढं करायची. नवरा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे होता, तो वारला. घरी मी आणि माझी मुलगी. रिसालीला एक खोली, पुढे थोडं अंगण. लॅबचा पगार येत होता म्हणून चूल पेटत होती.

लॅबमध्ये सिकलसेलची मुलं पुष्कळ यायची. आमच्या विदर्भाकडच्या लोकांत आणि इथल्या गावच्या लोकांत ते दुखणं फार. अंग मोडून येतं, डोळे पिवळे होतात, काहींना रक्त द्यावं लागतं. त्या मुलांची सगळी माहिती आधी कागदांवर होती. मग ट्रस्टने कॉम्प्युटर घेतले. एक पुढे काउंटरवर, एक आत तपासणीच्या टेबलावर. कागद सगळे आत चढवून झाले तेव्हा सचिवसाहेबांनी जुने गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकले. म्हणाले, "अब क्या जरूरत है? जागा मोकळी झाली." सरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. रद्दीवाला गेला त्या रस्त्याकडे पाहत फाटकात उभे होते.

मागच्या खोलीत तिसरा कॉम्प्युटर सरांचा. त्याला कॅसेटसारखी टेप घालायची पेटी जोडलेली होती. पुढे एक फट, फटीला झाकण. रात्री सगळे घरी गेले की हा मागचा कॉम्प्युटर तारेतून पुढच्या दोघांकडची माहिती ओढून आणायचा आणि टेपवर उतरवायचा. पुढचा मेला तर टेपवरून परत आणायचं. हे ज्याच्या जोरावर चालायचं ते सॉफ्टवेअर सरांनी विकत घेतलेलं नव्हतं. कुठल्या तरी इंग्रजी मासिकाबरोबर चकती आली होती, त्यात होतं.

हे सगळं मला कसं माहीत? सर मलाच सांगायचे. दुसरं कोणी ऐकत नव्हतं. मी गप्प राहते म्हणून मी ऐकते असं त्यांना वाटायचं. मी पोछा मारत असायची आणि ते उजवा कान माझ्याकडे करून बोलत राहायचे.

"हे कोणाच्या मालकीचं नाही, बाई. जगातल्या कोणी कोणी मिळून लिहिलं अन् उघडं ठेवलं. कसं केलं तेही वाचा, पाहिजे तर बदला."

मी एकदा म्हणून गेले, "म्हणजे शेजारणीनं भाजीही दिली अन् कशी केली तेही सांगितलं."

सर थांबले. चांगलं तर म्हणणार नव्हतेच. म्हणाले, "परत सांगा."

हे त्यांचं नेहमीचं. कोणतीही गोष्ट सांगितली की समोरच्याला परत सांगायला लावायचं. चहापत्ती आणायला पाठवलं तरी, "काय आणाल?" "चहापत्ती जी." "कोणती?" "लाल पुड्याची." "आता जा." पेशंटला उपाशीपोटी ये म्हणून सांगितलं की त्याच्याकडून वदवून घ्यायचे. म्हातारे लोक चिडायचे. एक आजी म्हणाली, "मी काय शाळेत आली का रे बापू?" सर म्हणाले, "परत आणता आलं नाही तर दिलंच नाही असं समजा."

घराच्या किल्लीचंही तसंच. राहायचे रिसालीलाच, आमच्या वस्तीच्या पलीकडे एका भाड्याच्या खोलीत, पण दुसरी किल्ली ठेवली होती सेक्टर दोनच्या एका पानवाल्याकडे. "इतक्या लांब कावून ठेवता?" म्हणून लॅबमधली मुलगी हसली. तर म्हणाले, "दोन्ही किल्ल्या एका घरात ठेवल्या तर ती एकच किल्ली झाली. घर जळलं की दोन्ही गेल्या." आणि दर महिन्याला सायकलने सेक्टर दोनला जायचे, किल्ली आणायचे, आपलं कुलूप उघडून पाहायचे आणि परत नेऊन द्यायचे. "लागते का ते पाहिलं नाही तर ती किल्ली नाही, लोखंड आहे." पानवाला त्यांना येताना पाहिलं की पान लावायचा हात थांबवून आधी किल्ली काढायचा.

लग्न झालं नव्हतं. एकदा वर्ध्याकडे मुलगी पाहायला गेले तर मुलीच्या वडिलांसमोर बसून आपल्यात काय काय नाही ते सगळं सांगितलं. कान, चहा, रागावलो तर दोन दिवस बोलत नाही, पुढे पगार वाढेल असं वाटत नाही. आतून पोहे आले तोवर बोलणी संपली होती. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "पोहे बरे होते." त्यांना त्यात दुःखाचं काही दिसत नव्हतं. सांगून टाकलं, संपलं.

पण खरी गंमत ट्रस्टच्या मीटिंगला झाली. मी चहा घेऊन आत होते. सचिवसाहेब सगळ्यांना सांगत होते की बघा, आपण फुकटात केवढं काम करून घेतलं. मग म्हणाले, "सर, जरा ह्याची खासियत सांगा सगळ्यांना."

सर उभे राहिले. "हे काय करत नाही ते आधी सांगतो. पुढचा कॉम्प्युटर रात्री बंद असला तर हे काही करू शकत नाही. कोणी फाइल उघडी ठेवून गेलं तर ती धड उतरत नाही. एका कॉम्प्युटरचा माल एका टेपपेक्षा मोठा झाला तर दोन टेपांवर वाटून घालता येत नाही. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात, ती कोणी वाचली नाहीत तर सांगितलं न सांगितलं सारखंच. टेपवर लिहिलं ते नीट वाचता येते का, हे आपणच पाहावं लागते. अन् बिघडलं तर फोन करायला कोणी नाही."

एक ट्रस्टी, जाडसर, पान खाणारे, म्हणाले, "अहो, मग हे करते तरी काय?"

"बाकी सगळं," सर म्हणाले आणि बसले.

सगळे हसले. सचिवसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला. माणसाचा अपमान झाला की तो कसा दिसतो ते चहा देणाऱ्या बाईला चांगलं कळतं. त्याच दिवशी सरांनी आपल्या हाताने कागदावर मोठ्या अक्षरात ते सगळं लिहिलं आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर लावलं. वर लिहिलं, 'हे काय करत नाही.' मराठीत लिहिलं, माझ्यासाठी. मी चौथी शिकले, मला वाचता येतं. रोज झाडताना वाचायची.

काय करतं तेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच झाले. ते सॉफ्टवेअर शहाणं होतं. आज कोणाचं सगळं उतरवायचं आणि कोणाचं फक्त नवं तेवढं, हे स्वतः ठरवायचं. टेपांना वारांची नावं होती. सोमवारच्या जागी मंगळवारची घातली तर घ्यायचंच नाही. टेप घालायला विसरलं तर माल आपल्याजवळ धरून ठेवायचं, टेप मिळाली की उतरवायचं. आणि टेपवरचं परत काढायला तेच सॉफ्टवेअर पाहिजे असंही नाही, साध्या कॉम्प्युटरवर साध्या रीतीने निघायचं. सर म्हणायचे, "हे उद्या राहिलं नाही तरी ह्याचं केलेलं राहील." हे वाक्य मात्र ते हळू बोलायचे, कारण ते कौतुक होतं.

संध्याकाळी टेप बदलायचं काम माझं. कुलूप मीच लावायची म्हणून. त्या दिवशीची काढायची, दुसऱ्या दिवशीची घालायची, झाकण लावायचं. आणि शनिवारची टेप, सरांनी स्वतः वाचून तपासलेली, एका स्टीलच्या डब्यात घालून मी घरी न्यायची. पुढच्या शनिवारी ती परत आणायची आणि नवी न्यायची. लॅब जळली तरी एक टेप रिसालीला राहील.

पहिल्यांदा दिली तेव्हा विचारलं, "घरी टीव्ही आहे का?"

"नाही जी."

"रेडिओ? मोठा स्पीकर?"

"नाही जी."

"वा! उत्तम!" सर म्हणाले. चुंबक असतं म्हणे त्यात, टेप खराब होते. माझ्या घरी काही नाही ह्याचा इतका आनंद त्याआधी कोणाला झाला नव्हता. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच कौतुक, आणि तेही माझ्या गरिबीचं. मी डबा पेटीत लुगड्यांच्या मध्ये ठेवायची. मुलीला सांगून ठेवलं होतं, हात लावायचा नाही.

मग विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत त्या दिवशी काय असतं ते भिलाईच्या माणसाला सांगायला नको. प्लांट सजतो, गॅरेजपासून सायकलच्या दुकानापर्यंत मंडप, ज्याच्याकडे जी मशीन तिला धुऊन हार. मशीनला त्या दिवशी आराम. मला तो दिवस आवडायचा. नवरा होता तेव्हा आम्ही प्लांट पाहायला जायचो.

पितृपक्ष चालू होता. सर वडिलांच्या तिथीला वर्ध्याला गेले होते. जाताना मला सांगून, परत वदवून घेऊन गेले: टेप रोज बदलायची, मागच्या खोलीत कोणी जायचं नाही.

सचिवसाहेब सकाळीच थाळी घेऊन आले. धोतर नेसून. आधी रक्त फिरवायच्या मशीनला हार, मग फ्रीजला, मग पुढच्या दोन कॉम्प्युटरला टिळे. मग म्हणाले, "मागची खोली उघड."

मी म्हणाले, "सर नाही म्हणाले जी."

"अगं बाई, भगवान के काम में टोकत नसतात. उघड."

उघडली. ते टेपच्या पेटीसमोर वाकले. हार घालायला जागा नव्हती. अंगठ्याने फटीचं झाकण वर केलं. "ह्याचं तोंड तर हे इथं आहे. सगळ्यांची पूजा झाली, ह्यालेच कावून भुकं ठेवाचं?" आणि चिमूटभर कुंकू बोटाने आत घातलं. नुसतं लावलं नाही, आत घातलं. मग दुसरी चिमूट. झाकण सोडलं, हात जोडले. त्यांची भक्ती खरी होती, हे मी खोटं सांगणार नाही.

"आत गेलं जी," मी म्हणाले.

"आतच गेलं पाहिजे," ते म्हणाले आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

संध्याकाळी ते ऑफिसात बसले होते. मी दाराशी जाऊन उभी राहिले. चौकटीकडे पाहतच विचारलं, "टेप टाकू का जी आज? आत कुंकू आहे."

"टाक ना. काय होते? पूजा झाली, आता अजून मस्त चालेल."

सर वर्ध्याला, फोन नंबर कोणाकडे नाही. मी टेप घातली. पुढचे दिवस वारांप्रमाणे घालत गेले. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत होती, रोज येतात तशीच. लॅबमधल्या मुलीला दाखवली तर म्हणाली, "मावशी, हे सरांचं सर जाणे."

सर यायच्या आदल्या दिवशी लाइट गेली आली, गेली आली, असं चाललं होतं. काउंटरचा कॉम्प्युटर बंद पडला तो उठलाच नाही. मुलांची सगळी माहिती त्यात. सर आले, हातपाय धुतले नाहीत, थेट मागे गेले. एक टेप घातली. नाही. दुसरी. नाही. मग त्यांनी पेटी उघडली. आत लाल. टेपची पट्टी ज्यावरून सरकते तिथे लाल चिकटलेलं, आणि जी जी टेप त्यातून गेली तिच्या पट्टीवर लाल ओरखडे. सरांनी आत बोट फिरवलं. बोटाला लागलेलं कुंकू पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी बसले. मला चहा करायला सांगितला आणि चहा घेऊन गेले तर म्हणाले, तू थांब.

सचिवसाहेब बोलत होते. "फुकटाचा माल. मी आधीच म्हणत होतो. अन् टेपा रोज कोण टाकून राहिलं होतं? ही बाई! चौथी पास बाईच्या हाती सगळ्या ट्रस्टचा रेकॉर्ड. आता काय होणार दुसरं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ट्रे होता. आणि मग मी बोलले. कसं बोलले मला माहीत नाही. इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात त्याच्या आधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

"तुमी कुंकू घातलं जी. मी पाहिलं. टेप टाकू का म्हणून तुमाले विचारलं. तुमी टाक म्हणाले."

पान खाणारे ट्रस्टी सचिवसाहेबांकडे वळले. एवढं मला दिसलं. त्या क्षणी सगळं माझ्या बाजूला वळत होतं. सचिवसाहेबांचे कान लाल झाले होते.

"बाई आता आमालेच शिकवून राहिली का?" ते म्हणाले, पण आवाज बसला होता.

तेवढ्यात सर उभे राहिले. मला वाटलं, आता झालं.

"बाई खरं बोलून राहिल्या," सर म्हणाले. "पण चूक माझी आहे. फटीत कोणी काही घालू शकते, हे मले सुचायले पाहिजे होतं. भिंतीवरच्या कागदात मी ते लिहिलं नाही. तेवढं राहून गेलं."

बस. तेवढंच पाहिजे होतं त्यांना. 'चूक माझी' एवढं सगळ्यांनी ऐकलं, त्याच्या आधीचं कोणी ऐकलं नाही. सचिवसाहेब खुर्चीत मागे टेकले. पान खाणाऱ्या ट्रस्टींनी पान तोंडात घातलं. "बघा, सर स्वतः कबूल करून राहिले." माझं बोलणं तिथेच, त्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये मेलं.

आणि सरांचं अजून संपलं नव्हतं. "एक टेप चांगली आहे," ते म्हणाले. "पूजेच्या आधीच्या शनिवारची. बाईंच्या घरी आहे."

"घरी?" सचिवसाहेब ताडकन उठले. "पेशंटचा रेकॉर्ड हिच्या घरी? कोणाले विचारून? हे तर चोरी झाली!"

"मीच देत होतो," सर म्हणाले. "दोन्ही एका जागी ठेवता येत नाहीत."

पण आता त्यांना धरायला हात मिळाला होता, आणि तो माझा होता. सरांना काढता येत नव्हतं, रेकॉर्ड परत कोण आणणार? मला काढता येत होतं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी ट्रे ठेवला, चपला घातल्या आणि निघाले. सरांनी मला विचारलं सुद्धा नव्हतं, की बाई, तुमच्या घरचं नाव घेऊ का.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल अंगणात आली. मी भांडी घासत होते. उठले नाही.

सर उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, काय होत नाही ते आधी सांगतो. तुमची नोकरी मी परत आणू शकत नाही. त्यायच्याशी बोललो, ऐकत नाहीत. दुसरीकडे लावून द्यायची माझी ओळख नाही. अन् टेपशिवाय मी काही करू शकत नाही."

"टेप चुलीत घातली," मी म्हणाले.

"कधी?"

"आत्ता."

सरांनी दारातून आत वाकून चुलीकडे पाहिलं. "चूल पेटली नाही."

मग माझं डोकंच फिरलं. राखेचा हात तसाच वर करून मी ओरडले. शेजारच्या बाया बाहेर आल्या. "नाही पेटली! कशी पेटन? पगार कोठं आहे? तुमच्या एका 'पण'नं माही भाकर खाल्ली! बाई खरं बोलते म्हणाले, तिथंच थांबाचं होतं! त्याच्यापुढं 'पण' कोणी लावाले सांगतला होता तुमाले?"

"माझी चूक होती म्हणून..."

"तुमची चूक तुमी घरी घेऊन जायची होती! माह्या बोलण्याच्या मधात कावून घातली? मी जन्मात एकदा बोलली. एकदा!"

सर सायकलचं हँडल सरळ करत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते की काय असं वाटलं, पण नाही, उजव्याच बाजूला होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

शेवटी म्हणाले, "कुंकू सचिवांनी घातलं. टेप तुम्ही विचारून टाकली. तुमची चूक नाही." मग सवयीने परत तेच म्हणाले. "कुंकू सचिवांनी घातलं. टेप तुम्ही विचारून टाकली. तुमची चूक नाही. बरोबर सांगितलं ना?"

"हे इथं कावून सांगता?" मी म्हणाले. "भांड्यायले सांगता का? तिथं जाऊन सांगा."

"तिथं आता कोणी ऐकणार नाही."

"तेच सांगून राहिली मी तुमाले."

शेजारच्या ओट्यावर बबली बसली होती. बाया ओरडा ऐकून आल्या, त्यांच्याबरोबर तीही आली होती. आठ-नऊ वर्षांची असेल, डोळे हळदीसारखे. तिला लॅबमार्फतच रक्त मिळायचं. एकदा तिच्याच गटाचं रक्त दिलं तरी अंगावर आलं होतं, पोरगी जाता जाता राहिली. मग नागपूरहून तपासून आणलं, तिच्या रक्तात काय आहे, कोणतं तिला चालत नाही. ते परत तपासलं तर दरवेळी दिसत नाही, म्हणून लिहिलेलं जपायचं, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं. तो कागद लॅबने ठेवून घेतला होता. तो रद्दीत गेला. आता त्यावरचं लिहिलेलं फक्त टेपमध्ये होतं, माझ्या लुगड्यांमध्ये. त्याच आठवड्यात तिला रक्त द्यायचं होतं.

सर तिला ओळखतही नव्हते. त्यांना फाइली माहीत होत्या, पोरी नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, तिच्या नावाने मागितलं असतं, तर मी कदाचित दिली नसती. ते नुसते उभे होते, सायकल धरून.

मी हात धुतले. आत गेले, पेटी उघडली, डबा आणून त्यांच्या पुढे धरला. त्यांच्यासाठी दिला नाही, ट्रस्टसाठी तर नाहीच. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना समजलंच पाहिजे असं काय आहे?

"संध्याकाळपर्यंत वाचून पाहतो," सर म्हणाले, आणि गेले. आभार मानता येत नाहीत, हे मात्र त्यांच्या यादीत नव्हतं.

टेप वाचली गेली. मुलांचा सगळा रेकॉर्ड परत आला, मधल्या दिवसांचा सरांनी चिठ्ठ्या गोळा करून स्वतः चढवला. बबलीला तिला चालणारंच रक्त मिळालं. हे मला लॅबमधल्या मुलीने घरी येऊन सांगितलं. काम पुरं होताच ट्रस्टने सरांनाही पुढे ठेवलं नाही. विकतचं सॉफ्टवेअर आणलं, खोक्यात आलं, वर रंगीत चित्र. पुढच्या विश्वकर्मा पूजेला त्या खोक्यालाही हार घातला, तीच मुलगी म्हणाली. भिंतीवरचा सरांचा कागद आधीच काढून टाकला होता.

सर रिसाली सोडून जायच्या आधी रिकामा डबा द्यायला आले होते. मी घरी नव्हते, एका होस्टेलात पोळ्या लाटायला लागले होते. मुलीच्या हाती देऊन गेले. काही म्हणाले का, विचारलं. म्हणाली, "विचारलं, डबा कोणाचा? मी म्हणाली, आमचा. तर म्हणाले, परत सांग."

बबली आता मोठी झाली. दिसली की "मावशी" म्हणते. तिला ह्यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. माझा राग तिच्या डोक्यावर कशाला?

पण सरांना मी एक विचारलं असतं, भेटले असते तर. ज्या माणसाला किल्ली एका घरात ठेवायला भीती वाटायची, ज्याला प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत पाहिजे होती, त्याने माझं खरं एकाच जागी कसं ठेवलं? माझ्याच अंगणात, माझ्याच समोर, राखेच्या भांड्यांपाशी. मी मेले की गेलं. त्यांच्याच नियमाने ती प्रत नाहीच. लोखंड आहे.

म्हणून हे लिहिलं. अक्षर वाकडं आहे, चार दिवस लागतील तरी दुसऱ्यांदा उतरवीन. एक माझ्याजवळ राहील, दुसरी सेक्टर दोनला लेकीच्या घरी. तिला मोठ्याने वाचायला लावीन, वाचता येतं का पाहीन.

कुंकू सचिवांनी घातलं. मी विचारून टेप टाकली. ह्याच्यापुढे काही लावायचं नाही.